वॉरंटपासून सुटकेपर्यंत : निवृत्त तुरुंग अधीक्षकांनी शिकवलेले बारा रविवार

पुण्यातील एका विधी महाविद्यालयाने चालवलेला कारागृह प्रशासन आणि फौजदारी न्याय या विषयावरील प्रमाणपत्र अभ्यासक्रम मी नुकताच पूर्ण केला. बारा रविवार, सकाळी दहा ते एक, शुल्क साडेसहा हजार रुपये. वर्गात आम्ही अठ्ठावीस जण होतो. निम्मे एलएल.एम.चे विद्यार्थी, काही माझ्यासारखे रोज न्यायालयात उभे राहणारे वकील, समाजकार्याची पदवी घेतलेल्या चार-पाच मुली आणि एक सेवानिवृत्त शिक्षिका. मुख्य अध्यापक होते तीस वर्षांहून अधिक काळ राज्याच्या तुरुंग विभागात काढलेले एक निवृत्त अधीक्षक, ज्यांना आम्ही सगळे 'सर'च म्हणत असू. त्यांच्या जोडीला महाविद्यालयातील दंडशास्त्राच्या एक प्राध्यापिका होत्या. प्रवेश घ्यावा की नाही, असे मला आतापर्यंत तिघा-चौघांनी विचारले आहे, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

मी प्रवेश का घेतला, ते आधी सांगायला हवे. दोन वर्षांपूर्वी माझ्या एका अशिलाला गुरुवारी जामीन मिळाला आणि तो बाहेर आला पुढच्या सोमवारी. वॉरंटवर, म्हणजे त्याला तुरुंगात ठेवण्याच्या न्यायालयाच्या आदेशावर, वडिलांचे नाव 'बापू' होते आणि सुटकेच्या आदेशावर 'बापूराव'. तुरुंगाने आदेश परत पाठवला, मध्ये शनिवार-रविवार आला, आणि तो मुलगा चार रात्री अधिक आत राहिला. त्याच्या आईने मला एका शब्दानेही बोल लावला नाही, पण त्या चार दिवसांत ती रोज सकाळी माझ्या टेबलाशी येऊन बसत असे. मी तुरुंगाला दोष दिला, कारकुनाला दोष दिला. परंतु मंजुरीनंतर आदेशाचे पुढे काय होते, तो कोण वाचतो आणि कशाशी ताडून पाहतो, हे आठ वर्षांच्या वकिलीनंतरही मला ठाऊक नव्हते. शिक्षेचे सगळे सिद्धांत पाठ करून मी परीक्षा दिली होती आणि एकदाही वॉरंट हातात धरून ते ओळीने वाचले नव्हते.

पहिल्या रविवारी वर्गाच्या दाराशी एक ट्रे ठेवलेला होता. मोबाइल त्यात ठेवायचे, वहीत नाव आणि आत येण्याची वेळ लिहायची, सही करायची, आणि जाताना बाहेर पडण्याची वेळ लिहायची, असा नियम बाराही रविवार पाळला गेला. मग सरांनी प्रत्येकाला एका काल्पनिक कोठडी वॉरंटची प्रत दिली आणि फाटकावरचा तुरुंगाधिकारी ज्या नजरेने कागद पाहतो त्या नजरेने तो पाहायला सांगितला. नाव, वडिलांचे नाव, वय, गुन्हा नोंद क्रमांक, कलमे, न्यायालय, पुढची तारीख, सही, शिक्का. चाळीस मिनिटे दिली होती आणि प्रतीत सहा चुका होत्या. आम्ही तीन शोधल्या. राहिलेल्यांपैकी एक होती पुढच्या तारखेची: ती सुट्टीच्या दिवशी येत होती. दुसरी होती वडिलांच्या नावाची, कारण मागच्या पानावर तेच नाव निराळ्या प्रकारे लिहिले होते. ती चूक मी शोधलेली नव्हती, आणि हे लिहिताना आजही मला वाईट वाटते.

त्यानंतर सर जे बोलले ते माझ्या वहीत जसेच्या तसे आहे. "असा कागद आला तर माणूस आत घेऊ नका, दुरुस्त करून आणायला सांगा, असे पुस्तक सांगते. पण बाहेर पोलिसांची गाडी उभी असते, संध्याकाळचे सात वाजलेले असतात आणि आत गणती सुरू असते. तेव्हा अधिकारी काय करतो, हे तुम्हाला कळले पाहिजे, म्हणजे तुम्ही सकाळी न्यायालयातच तो कागद नीट करून घ्याल." अभ्यासक्रमाची किंमत माझ्यापुरती त्याच तासात वसूल झाली.

या अध्यापनाचे खरे बळ इथे आहे. तुरुंगात हयात घालवलेला माणूस शिकवायला उभा राहिला की लोकांना गोष्टी हव्या असतात: कोणता नामचीन गुन्हेगार कसा वागत असे, फाशीच्या आदल्या रात्री काय होते. दुसऱ्याच रविवारी एका विद्यार्थ्याने तसे विचारलेही. सरांनी शांतपणे सांगितले की माझ्या ताब्यात असलेल्या माणसांविषयी मी वर्गात बोलणार नाही, कारण ती माझ्या ताब्यात होती तेव्हा त्यांना माझ्यापासून काही लपवता येत नव्हते. बारा रविवारांत त्यांनी एकाही बंद्याचे नाव घेतले नाही. त्यांनी आणले ते कामाचे ज्ञान: नोंदवह्या, मुदती, हिशेब, बदल्यांचे आदेश, आणि उच्च न्यायालयाचा एखादा निर्णय परिपत्रकाच्या रूपाने बराकीपर्यंत पोहोचताना त्याचे काय होते याची जाण.

तिसरा आणि चौथा रविवार शिक्षेच्या हिशेबाला दिला होता, आणि मला तो सर्वांत मोलाचा वाटला. तपास आणि खटल्याच्या काळात भोगलेली कैद शिक्षेतून वजा होते, हे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४२८ मध्ये होते आणि आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४६८ मध्ये आहे. हे प्रत्येक वकील जाणतो. सरांनी फळ्यावर लिहिले: अटक १० जानेवारी २०२२, जामिनावर सुटका २५ मार्च २०२२, वजावट किती? वर्गातून ७३, ७४ आणि ७५ अशी तीन उत्तरे आली. अटकेचा दिवस धरायचा का, सुटकेचा दिवस धरायचा का, यावर अर्धा तास वाद झाला. सरांनी तिन्ही आकडे फळ्यावर तसेच ठेवले आणि प्रत्येकाला आपण कोणता दिवस कोणत्या कागदाच्या आधारे धरला हे लिहून काढायला सांगितले. मग त्याच उदाहरणात दुसरा खटला घातला, दोन शिक्षा एकत्र भोगायच्या की एकीमागून एक हे आदेशात लिहिलेलेच नाही असे केले, दंड न भरल्याबद्दलची कैद जोडली, राज्याच्या १९६२ च्या नियमांनुसार शिक्षेत मिळणारी सूट, म्हणजे माफी, धरली. दुपारी एक वाजता फळ्यावर एका माणसाच्या सुटकेच्या चार निरनिराळ्या तारखा होत्या. निकालपत्रात 'शिक्षा एकत्र भोगाव्यात' हे तीन शब्द लिहून घ्यायला विसरलेल्या वकिलाने काय केलेले असते, ते त्या फळ्यावर दिसत होते.

संचित रजा आणि अभिवचन रजा, म्हणजे आपण फर्लो आणि पॅरोल म्हणतो त्या दोन गोष्टी, १९५९ च्या नियमांतून शिकवल्या गेल्या. फर्लोचे दिवस शिक्षेत धरले जातात आणि पॅरोलचे धरले जात नाहीत, हा फरक हिशेबाच्या अंगाने मांडल्यामुळे तो आता विसरणे शक्य नाही. जन्मठेप म्हणजे चौदा वर्षे हा समजही त्याच दिवशी निघाला. प्राध्यापिकांनी गोपाळ विनायक गोडसे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९६१ च्या खटल्याचा आधार देऊन सांगितले की जन्मठेप म्हणजे उरलेले संपूर्ण आयुष्य. चौदा वर्षांची अट १९७८ साली फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ४३३-अ घालून ठरावीक गुन्ह्यांसाठी आली आणि ती सुटकेच्या विचारापूर्वीची किमान मर्यादा आहे. त्यावर सरांनी मुदतपूर्व सुटकेची फाइल कशी तयार होते, शासनाच्या १९९२ आणि २०१० च्या मार्गदर्शक तत्त्वांतला, किती वर्षांनी सोडायचे हे ज्यावर अवलंबून असते तो, वर्ग ठरवताना गुन्ह्याचे वर्णन कोण वाचतो, आणि पोलिसांचा अहवाल न आल्यामुळे फाइल कुठे पडून राहते, हे क्रमाने सांगितले. कायदा सांगणारी एक व्यक्ती आणि तो कायदा टेबलावर आल्यावर काय होतो हे सांगणारी दुसरी, अशी जोडी एकाच वर्गात असावी, हे या महाविद्यालयाला सुचले याबद्दल त्यांचे कौतुक केले पाहिजे. एकट्या सरांचे तास झाले असते तर त्यांत न्यायनिर्णयांची बाजू लंगडी राहिली असती, आणि एकट्या प्राध्यापिकांचा अभ्यासक्रम तर आम्ही एलएल.बी.ला शिकलोच होतो.

सहाव्या रविवारी कच्च्या कैद्यांचा विषय होता. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ च्या अखेरीस देशातील तुरुंगांत ५,७३,२२० बंदी होते आणि त्यांपैकी ४,३४,३०२, म्हणजे सुमारे ७६ टक्के, कच्चे कैदी होते. तुरुंगांची मान्य क्षमता होती ४,३६,२६६. हे आकडे फळ्यावर लिहून झाल्यावर सरांनी दोन आकड्यांखाली रेघ ओढली. एकही दोष सिद्ध न झालेली माणसेच जवळजवळ सगळी जागा व्यापून आहेत, हे त्यांनी बोलून दाखवले नाही. आम्हाला ते दिसले. आपल्याकडे तुरुंग म्हटले की १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर बोलणारे विनोबा आणि ते टिपून घेणारे साने गुरुजी आठवतात, किंवा त्याच वर्षी येरवड्यात झालेला पुणे करार. ती आठवण थोर आहेच. परंतु आज येरवड्यात निराळा माणूसही आहे: त्याला जामीन मंजूर आहे, मात्र पंधरा हजारांचा जामीनदार आणायला त्याला पुण्यात कोणी ओळखत नाही.

याच संदर्भात नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४७९ शिकवले गेले, आणि तुरुंगातला अनुभव कायद्याच्या अध्यापनात का हवा याचे याहून चांगले उदाहरण मला देता येणार नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या या कलमानुसार, ज्या गुन्ह्याला फाशी किंवा जन्मठेप नाही अशा गुन्ह्यात कमाल शिक्षेच्या निम्मा काळ, आणि पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्या आरोपीने एक तृतीयांश काळ, कैदेत काढला तर त्याची सुटका व्हायला हवी. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये हा लाभ जुन्या खटल्यांतील बंद्यांनाही मिळेल असे स्पष्ट केले. घरात शिरून केलेल्या साध्या चोरीसारख्या गुन्ह्याला सात वर्षे कमाल शिक्षा असेल, तर पहिल्यांदाच आत आलेल्यासाठी अठ्ठावीस महिने. आणि अर्ज कोणी करायचा, तर तुरुंग अधीक्षकाने. तसे कलमातच लिहिले आहे. येथवर कोणतेही टिपण सांगेल. सरांनी पुढचे विचारले: हा आरोपी पूर्वी कधी दोषी ठरलेला नाही, हे अधीक्षकाला कुठून कळणार? ती नोंद तुरुंगात नसते. दुसऱ्या जिल्ह्यात त्याच्यावर खटला चालू आहे का, हे कोणते पोलीस ठाणे कळवणार? कारण एकाहून अधिक खटले प्रलंबित असतील तर तेच कलम वाट अडवते. वॉरंटवर तीन कलमे आहेत आणि नंतर दोषारोपपत्रात चौथे वाढले, तर ते तुरुंगाच्या नोंदवहीत कधी येणार? त्यांनी फळ्यावर आठ रकाने आखले आणि दर महिन्याला ही यादी तयार करणारा कारकून कोणत्या रकान्यात अडतो ते दाखवले. त्यांपैकी तीन रकाने वकील पहिल्याच मुलाखतीत भरून देऊ शकतो. मी आता तसे करते.

जामिनानंतरच्या विलंबाबाबतही हाच तपशील मिळाला. मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगाबाहेर जामिनाचे आदेश टाकण्यासाठी असलेल्या पेटीची चर्चा २०२१ साली सगळ्या वर्तमानपत्रांत झाली होती. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने आपले आदेश इलेक्ट्रॉनिक मार्गाने पोहोचवण्यासाठी 'फास्टर' ही व्यवस्था सुरू केली. त्याच न्यायालयाच्या ३१ जानेवारी २०२३ च्या निर्देशांनुसार, जामीन मिळूनही सात दिवसांत बंदी सुटला नाही तर अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचे असते, आणि महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर न्यायालय स्वतःहून अटी सैल करण्याचा विचार करू शकते. माझ्या 'बापूराव'च्या वेळी यातले काही मला ठाऊक असते तर निदान त्या आईला उत्तर देता आले असते.

आठव्या रविवारी सर स्वतःच्या खात्याविषयी जितके मोकळे बोलले तितके क्वचितच कोणी अधिकारी बोलत असेल. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या नियमपुस्तिकांतील जातीवर आधारलेली कामवाटणी घटनाबाह्य ठरवली आणि नोंदवह्यांतील जातीचा रकाना काढायला सांगितले. सरांनी निकालाचा सारांश प्राध्यापिकांवर सोपवला आणि स्वतः एवढेच सांगितले की नव्याने रुजू झालो तेव्हा सफाईच्या कामावर कोण जातो आणि भटारखान्यात कोण जातो याचा विचार मी केला नव्हता, वॉर्डर नावे वाचत असे आणि मी सही करत असे. कोणत्या नावांवर सही केली हे मला अनेक वर्षांनी उमगले, असे ते म्हणाले. वर्गातल्या सेवानिवृत्त शिक्षिकाबाईंनी तेव्हा वही मिटली आणि पुढचा अर्धा तास त्या नुसत्या ऐकत बसल्या.

मराठी वाचकांना विशेष जवळचे वाटेल असे एक प्रकरणही शिकवले गेले. भारत संरक्षण नियमांखाली स्थानबद्ध असलेल्या प्रभाकर संझगिरी यांनी मुंबईच्या तुरुंगात अणुविज्ञानावर मराठीत पुस्तक लिहिले आणि ते प्रकाशनासाठी बाहेर पाठवण्याची परवानगी मागितली. शासनाने ती नाकारली. १९६५ साली सर्वोच्च न्यायालयाने शासनाचे अपील फेटाळले, कारण स्थानबद्धतेच्या अटींमध्ये पुस्तक बाहेर पाठवण्यास मनाई करणारी कोणतीही तरतूद नव्हती. यावर सरांनी बंद्यांची पत्रे तपासण्याची पद्धत सांगितली आणि तपासणाऱ्याला जी भाषा येत नाही त्या भाषेतले पत्र सर्वांत जास्त दिवस पडून राहते, ही साधी गोष्ट लक्षात आणून दिली.

आता उणिवा. स्त्री बंद्यांचा विषय अर्ध्या तासात उरकला. आईसोबत तुरुंगात राहणाऱ्या मुलांना सहा वर्षांपर्यंतच ठेवता येते, हा सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या निर्णयातला नियम सांगितला. पण सातव्या वर्षी त्या मुलाचे काय होते, त्याला कोण नेतो, आईची भेट कशी होते, यावर काही नाही. सर कधी महिला तुरुंगावर नेमलेले नव्हते आणि ते दिसत होते. येथे एखाद्या महिला अधिकाऱ्यांना बोलवायलाच हवे. मानसिक आरोग्यावरचा तास तर परिपत्रके वाचण्यातच गेला.

त्याहून गंभीर गोष्ट दहाव्या रविवारी घडली. विषय होता कोठडीतील मृत्यू आणि मारहाण. कारागृह अधिनियम, १८९४ च्या कलम २४ नुसार आत येणाऱ्या बंद्याच्या अंगावरच्या जखमांची नोंद व्हायला हवी, मृत्यू झाल्यास मानवी हक्क आयोगाला चोवीस तासांत कळवायचे असते, न्यायदंडाधिकाऱ्यांनी चौकशी करायची असते, हे सगळे सरांनी नीट सांगितले. तेव्हा समाजकार्याच्या एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, पण ही नोंद करणारे, सांगणारे आणि साक्ष देणारे सगळे एकाच कार्यालयातले असतात. आतल्या माणसाचे म्हणणे या कागदांत कुठे येते?" सर बराच वेळ बोलले नाहीत. मग नियमच पुन्हा सांगू लागले आणि तास लवकर संपला. मला त्या दिवशी फार निराश वाटले, कारण इतका प्रामाणिक शिक्षक नेमका येथे मागे सरकला होता.

पुढच्या रविवारी ते आले ते पंचनाम्याचा आणि वैद्यकीय नोंदीचा कोरा नमुना घेऊन. वेळांच्या रकान्यांत विसंगती कशी शोधायची, दवाखान्याच्या नोंदवहीतली वेळ फाटकाच्या नोंदवहीशी कशी ताडायची, बदली झालेल्या शिपायाचा जबाब का महत्त्वाचा असतो, हे त्यांनी दोन तास शिकवले. अखेरीस ते म्हणाले, "मागच्या वेळी ताईंनी विचारले त्याचे पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. मी टेबलाच्या या बाजूला बसलो. त्या बाजूला बसलेल्या कोणाला तरी महाविद्यालयाने बोलवावे, आणि मी तेव्हा वर्गात मागे बसेन." ही सूचना महाविद्यालयाने अजून मनावर घेतलेली नाही. निर्दोष सुटलेल्या किंवा शिक्षा भोगून आलेल्या एका व्यक्तीचा तरी तास असल्याशिवाय हा अभ्यासक्रम पुरा म्हणता येणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

व्यवस्थापनाबद्दल थोडक्यात. माहितीपत्रकात खुल्या तुरुंगाची भेट छापली होती. ती दोन दिवस आधी रद्द झाली आणि तिच्यासाठी घेतलेले पाचशे रुपये अजून परत मिळालेले नाहीत. त्याऐवजी औंध संस्थानाने १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे वसवलेल्या, बंद्यांना कुटुंबासह राहू देणाऱ्या खुल्या वसाहतीवर व्याख्यान झाले. ते उत्तम होते, पण भेटीची जागा ते घेऊ शकत नाही. छापील टिपणांत जुन्या आणि नव्या संहितांच्या कलमांचा काही ठिकाणी गोंधळ आहे. वर्गातला ध्वनिक्षेपक खरखरतो, म्हणून पुढच्या रांगांत बसावे.

एक सूचना अन्य महाविद्यालयांसाठी. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' या पदाची मार्गदर्शक तत्त्वे काढली असून त्यांनुसार पंधरा वर्षांच्या अनुभवी व्यक्तीला पीएच.डी. नसतानाही अध्यापनासाठी घेता येते. राज्यात नऊ मध्यवर्ती कारागृहे आहेत, आणि त्यांतून निवृत्त होणाऱ्या अधिकाऱ्यांचे ज्ञान बहुधा त्यांच्याबरोबर घरी जाते. मात्र नुसते नेमून भागणार नाही. आमच्या सरांनाही पहिले तीन रविवार हुकूम दिल्यासारखे बोलण्याची सवय मोडावी लागली, आणि ती प्राध्यापिकांनी प्रत्येक तासानंतर त्यांच्याशी बसून चर्चा केल्यामुळे मोडली.

पाचपैकी चार गुण मी देईन. राहिलेला एक त्या न झालेल्या तासासाठी राखून ठेवला आहे. नव्या फौजदारी वकिलांनी वकिलीच्या पहिल्या दोन वर्षांतच प्रवेश घ्यावा. तिसऱ्या रविवारी जाताना साधे कॅल्क्युलेटर आणि गेल्या तीन वर्षांची छापील कॅलेंडरे बरोबर न्यावीत, कारण मोबाइल दाराशीच ठेवावा लागतो आणि सर दिवस बोटांवर मोजू देत नाहीत.